लाल फुलीची सुरी

मुकुंदराव कारखानीसांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हातांनी एकही वस्तू बनवली नव्हती, आणि याचा त्यांना चांगलाच अभिमान होता. वस्तू बनवणारे जगात ढिगाने असतात, त्या तपासणारा एखादाच, असं त्यांचं मत. आडनावावरून कुणी काही समजू नये. त्यांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या कुठल्याशा कारखान्यावर देखरेखीला होते, म्हणजे तेही दुसऱ्यांचंच काम बघत होते. घराण्याची ही परंपरा मुकुंदरावांनी बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं चालवली. माल आला की मापं घ्यायची, उजेडात धरायचा, नाक मुरडायचं, खिशातली लाल रंगाची छोटी डबी काढायची आणि बारीक ब्रशने मालावर फुली मारायची. फुली म्हणजे नापास. त्या फुलीवर अपील नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल मिळाली, घड्याळ मिळालं. डबी आणि ब्रश कुणी दिले नव्हते, ते त्यांनी आपणहून घरी आणले. पुढे सोसायटीच्या नव्या फाटकाची कडी वाकडी बसवली म्हणून त्यांनी फाटकावर फुली मारली, तेव्हा सेक्रेटरी पीयूषभाई महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

असा हा माणूस नोव्हेंबरातल्या एका सकाळी कमाटीबागेतल्या बाकावर चारचौघांत म्हणाला, "मी सुरी बनवणार आहे. अहल्येसाठी. स्वतः घासून, धार काढून. उत्तरायणाच्या आत."

बाकावर शांतता पसरली. ही शांतता मोडायचा मान शेजारच्या ब्लॉकमधल्या विश्वासरावांचा असे. विश्वासराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि पार्सलं सोडून जगातल्या सगळ्या विषयांतले जाणकार.

"मुकुंदराव," ते हळू आवाजात म्हणाले, "चप्पूला, म्हणजे चाकूला, परवाना लागतो हं. नऊ इंचांच्या वर पातं गेलं की आत घेतात."

पण मुकुंदरावांना सुरीचं हे खूळ का लागलं, ते आधी सांगायला हवं. त्यांच्या सोसायटीत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळ्यांचं मिळून एकच उंधियूं होतं. आदल्या दुपारी खालच्या हॉलमध्ये बायका भाज्या चिरायला बसतात आणि प्रत्येकीचं खातं ठरलेलं असतं. त्यात जांभळा कंद हे सगळ्यात मानाचं खातं, कारण तो चिवट, चिकट आणि दगडासारखा जड. बावीस वर्षं तो कंद अहल्याबाईंकडे होता. नागरवाड्यातून, माहेरून आणलेल्या विळीवर त्या बसायच्या आणि बारा किलो कंदाच्या एकसारख्या फोडी करून उठायच्या. सोसायटीत त्या एकट्याच विळीवाल्या. गुजराती बायका कौतुकाने बघत राहायच्या.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात अहल्याबाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही असं बजावलं आणि विळी माळ्यावर गेली. गेल्या उत्तरायणाला त्या टेबलाशी उभ्या राहून बाजारातल्या सुरीने कंद कापायला लागल्या. सुरी अर्ध्यावर अडके, ओढून काढली की फोडीचा चुरा होई. तासाभरात दोन किलोही झाला नाही. मग उंधियूंच्या मुख्य सूत्रधार योगिनीबेन आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अहल्याबेन, आ वखते तमे पापडी फोलो ने."

पापडीच्या शेंगा सोलायला सोसायटीतल्या सात वर्षांच्या मुलीही असतात. अहल्याबाईंनी पापडी सोलली, त्या घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर पंगत बसली तेव्हा पोट ठीक नाही असं सांगून उंधियूं घेतलं नाही. पोट उत्तम होतं. चौतीस वर्षं बारीकसारीक दोष हेरणाऱ्या माणसाला तेवढं नक्की कळत होतं, आणि ते वर्षभर त्यांच्या मनात सलत राहिलं. बाजारातून त्यांनी सहा सुऱ्या आणून पाहिल्या. जपानी म्हणून विकलेली एक कंदात वाकली. तेव्हा उरला एकच मार्ग.

आरंभ घरीच झाला. मुकुंदरावांनी एक छोटा ग्राइंडर आणून बाल्कनीत बसवला आणि रविवारी सकाळी बटण दाबलं. ग्राइंडर एकदा घुर्रर्र करून थांबला, आणि त्याच्याबरोबर इमारतीतलं बाकी सगळंही थांबलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये पीयूषभाई होते, हातात घरच्या सगळ्यांसाठी घेतलेला गरम फाफडा आणि जलेबी. वीस मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा पुडा रिकामा होता, त्यामुळे चेहऱ्यावर राग असा दिसत नव्हता. पण संध्याकाळी फळ्यावर नोटीस लागली: कोणत्याही सभासदाने घरात फॅक्टरी चालवू नये. नाव कुणाचंच नव्हतं, फक्त खाली कंसात तीनशे दोन असा आकडा होता. आयुष्यात पहिल्यांदाच मुकुंदरावांवर कुणीतरी फुली मारली होती, आणि जेवतानाही त्यांच्या डोक्यातून ते जाईना.

त्यातच विश्वासरावांचा परवाना डोक्यात घुमत होता. कायदा मोडून कंद कापणाऱ्यांपैकी मुकुंदराव नव्हते. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला, तीन प्रतींत, सोबत सुरीचं मापांसह रेखाचित्र, समोरून आणि वरून. आणि तो घेऊन ते पोलीस चौकीत गेले. टेबलामागे पृथ्वीराजसिंह नावाचे धिप्पाड मिशाळ जमादार चहा पीत होते. त्यांनी अर्ज वाचला, चित्र उलटसुलट करून पाहिलं, मग मुकुंदरावांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काका, तमे चप्पु बनाववाना छो, अने सामेथी कहेवा आव्या छो?"

"हो. म्हणजे हा. कंद कापवा माटे."

जमादारांची नोकरी अठरा वर्षांची होती. चाकू मारून पळालेले त्यांनी पाहिले होते, चाकू लपवणारे पाहिले होते. चाकूचं नियोजन तीन प्रतींत सादर करणारा इसम प्रथमच समोर उभा होता. त्यांनी आतून आणखी दोघांना बोलावून चित्र दाखवलं. घरात भाजी कापायला पोलिसांची परवानगी लागत नाही, हे त्यांनी तीनदा समजावलं. मुकुंदराव म्हणाले, तेच लेखी द्या. शेवटी जमादारांनी कंटाळून एका प्रतीवर 'मिळालं' असा शिक्का मारून दिला आणि म्हणाले, "बने त्यारे एक मने पण बतावजो," म्हणजे बनली की एक मलाही दाखवा. मुकुंदरावांनी तो कागद प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवला.

मग शिकवणारा शोधणं आलं. छाणीला लक्ष्मणभाई पंचाल यांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे खुरपी आणि कोयते बनत, आणि घासायला भिंतीलगत पट्ट्याचं मशीन होतं. मुकुंदराव स्कूटरवरून उतरले आणि लक्ष्मणभाई हातातलं काम टाकून उभे राहिले.

"ओळख्या, साहेब? ब्रॅकेट. त्रणसो नंग. बद्धा पर चोकडी."

मुकुंदरावांना आठवलं. तेरा वर्षांपूर्वी याच गृहस्थाच्या तीनशे ब्रॅकेटवर त्यांनी एका बैठकीत फुल्या मारल्या होत्या. आता त्याच्याच दारात ते शिष्य म्हणून उभे होते. परत फिरावं असं त्यांच्या मनात आलंही, पण पापडीची टोपली डोळ्यांसमोर आली आणि ते आत गेले. लक्ष्मणभाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि नंतर सबंध महिना अपार आनंदाने त्यांना शिकवलं.

लाकूड कापायच्या जुन्या करवतीच्या पोलादातून लक्ष्मणभाईंनी सुरीच्या आकाराच्या दहा पट्ट्या कापून ठेवल्या. पोलाद आधीच पाणी पाजून कडक केलेलं, फक्त दोन्ही अंगांनी उतार घासून धार काढायची. ऐकताना फार सोपं वाटलं. मुकुंदरावांनी वहीत मुद्दे लिहून घेतले. पट्टा धावतो, पातं आपण सरकवायचं. पातं तापलं की बादलीत बुचकळायचं. हातमोजे घालायचे नाहीत, बोटाला चटका बसला म्हणजेच पोलाद तापल्याचं कळतं. आणि मुख्य मुद्दा लक्ष्मणभाईंनी स्वतःच्या कमरेवर थाप मारून सांगितला: "साहेब, कांडुं नहीं, केड हलावो." म्हणजे मनगट हलवायचं नाही, कोपरं बरगड्यांना चिकटवायची आणि कंबर डावीकडून उजवीकडे झुलवायची.

आता कारखानीसांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी कंबर हलवली नव्हती. लग्नाच्या वरातीत नाही, नवरात्रातही नाही. मुकुंदराव पट्ट्यासमोर टेलिफोनच्या खांबासारखे उभे राहिले आणि मनगटाने पातं रेटलं. ठिणग्या उडाल्या, त्यांनी डोळे मिटले, उघडले तेव्हा पात्याचं टोक निळं पडलं होतं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, म्हणजे आता त्याने फार तर लोणी कापायचं. मुकुंदरावांनी खिशातून डबी काढली आणि स्वतःच्या पहिल्या पात्यावर गंभीर चेहऱ्याने फुली मारली. लक्ष्मणभाईंनी ते दृश्य डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या पात्याचं टोकच नाहीसं झालं. तिसऱ्याची धार एवढी नागमोडी झाली की लक्ष्मणभाईंनी ते पुन्हा घासायला म्हणून हातात घेतलं आणि हळूच खाली ठेवलं. चौथं पट्ट्याने हिसकावून घेतलं आणि समोरच्या लाकडी दारात रोवलं. दाराआड लक्ष्मणभाईंचं जेवण ठेवलेलं होतं, ते बचावलं.

घरी सराव सुरू झाला. कोपरं बरगड्यांना, हातात पट्टी, आणि कंबर इकडून तिकडे. आरशासमोर झालं, मग गॅसवर दूध तापेपर्यंत झालं. लिफ्टमध्येही ते पट्टी धरून झुलत असत. एकदा दार उघडलं आणि समोर योगिनीबेन उभ्या.

"मुकुंदभाई," त्या हसू दाबत म्हणाल्या, "नवरात्री तो क्यारनी पूरी थई!"

विश्वासरावांनी बागेत सगळ्यांना सांगितलं की निवृत्तीनंतर दोन वर्षांनी असं होतं, त्यांच्या साडूलाही झालं होतं, आयुर्वेदात याला औषध आहे. मुकुंदराव ऐकत नसल्यासारखे बसले, पण कान लाल झाले.

पाचव्या पात्याला कंबर हलली. अगदी गरबा नाही, पण हलली. उजव्या हाताने धरायचं ते अंग असं उतरलं की लक्ष्मणभाईंनी ते उन्हात धरून 'वाह' म्हटलं. मग पातं उलटं करून डाव्या हाताने दुसरं अंग घासायला घेतलं आणि डावा हात थरथरायला लागला. नोकरीत डाव्या हाताला माल धरण्यापलीकडे काही काम पडलं नव्हतं. त्या अंगाला नुसता ओरखडा उठला, उतार असा आलाच नाही. एक अंग उतरतं, एक सपाट. मुकुंदरावांनी डबी काढली.

"अरे साहेब, रेवा दो! शाक तो कपाशे ज ने!" लक्ष्मणभाई कळवळून म्हणाले.

"भाजी कापली जाणं हा निकष नाही," मुकुंदराव म्हणाले, आणि दोन्ही अंगं समान असण्याविषयी दहा मिनिटं बोलले. नंतर फुली मारली. सहावं, सातवं, आठवं, नववं, सगळ्यांची तीच गत झाली. उजवं अंग सुरेख, डावं सपाट. सगळी नापास पाती ते पिशवीतून घरी आणत आणि बाल्कनीतल्या खोक्यात टाकत, कारण नापास माल बाहेर जाऊ द्यायचा नाही हा नियम त्यांनी चौतीस वर्षं पाळला होता.

दहावं पातं शेवटचं. जानेवारीची अकरा तारीख. डाव्या अंगावर ते अगदी सावकाश, श्वास रोखून घासत होते, अर्धं झालं होतं, आणि मशीनचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणायला माणूस गेला तो परत आला दुकान बंद असल्याची बातमी घेऊन. उत्तरायण तोंडावर आलं होतं, अर्धं बडोदं पतंगाच्या दोऱ्याला मांजा चढवण्यात गुंतलं होतं. लक्ष्मणभाई म्हणाले, आता वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, झाल्यावर, सोळा तारखेला या.

घरी येऊन मुकुंदराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. टोपी हातात, हाताच्या सगळ्या बोटांना चटके.

"अहल्या, मला नाही जमलं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं. स्वतः म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

अहल्याबाईंनी पोळी तव्यावरून उतरवली. "हात धुवून या," त्या म्हणाल्या. "जेवायचं थांबलंय."

तेरा तारखेला दुपारी हॉलमध्ये बायका जमल्या. मुकुंदराव खरं तर घरीच बसणार होते, पण अहल्याबाईंनी त्यांना तेलाचा डबा धरायला लावून खाली आणलं. योगिनीबेननी पापडीची टोपली पुढे केली. अहल्याबाईंनी ती बाजूला सरकवली, कंदाच्या ढिगाशी टेबल ओढलं, पिशवीतून सुती कापडाची गुंडाळी काढली आणि उलगडली. आत सुरी होती. जुन्या साडीची पट्टी घट्ट गुंडाळून केलेली मूठ, आणि पात्यावर ठसठशीत लाल फुली.

"अगं, ती पाचवी आहे!" मुकुंदराव ओरडले. "ती नापास आहे!"

अहल्याबाईंनी सर्वांत मोठा कंद आडवा ठेवला आणि सुरी टेकवली. सुरी खाली गेली. अडकली नाही, ओढावी लागली नाही. सपाट अंग कंदाला धरून सरळ उतरलं, उताराच्या अंगाने चकती आपोआप बाजूला पडली. दुसरी पडली. मग त्यांचा हात सुटला आणि हॉलमध्ये फक्त खटखट ऐकू यायला लागली. पापड्या सोलणाऱ्या मुली उठून बघायला आल्या.

"तीन आठवडे मी हीच वापरतेय," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "माझी विळीही अशीच होती. एका अंगाने उतरती, एका अंगाने सपाट. पस्तीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर होती, अहो. सगळ्या जगाचा माल तपासलात, घरातली विळी काही कधी उचलून पाहिली नाहीत."

मुकुंदराव तेलाचा डबा धरून उभे राहिले. त्यांना एवढंच दिसत होतं की अहल्याबाईंचे खांदे ताठ आहेत, आणि बारा किलोचा ढीग उतरत चाललाय. त्यांचे डोळे भरून आले, पण शेजारी विश्वासराव उभे असल्याने त्यांनी कांद्याच्या टोपलीकडे बघितलं. उंधियूंत कांदा नसतो आणि टोपली रताळ्यांची होती, हे विश्वासरावांच्या लक्षात आलं, पण त्या दिवशी तेही गप्प राहिले.

योगिनीबेननी फोड उचलून बघितली, मग सुरी बघितली. "अहल्याबेन, आ चप्पु क्यांथी लाव्यां? आ लाल चोकडी कई कंपनीनी?"

"घरनी कंपनी," अहल्याबाई म्हणाल्या.

पुढच्या पाच मिनिटांत मुकुंदरावांचा चौतीस वर्षांचा नियम मोडला. सहावी, सातवी, आठवी आणि नववी बाल्कनीतल्या खोक्यातून खाली आली आणि वाटली गेली. "हा नापास माल आहे, ऐका, याची दोन अंगं समान नाहीत," असं ते प्रत्येकीला सांगत होते, आणि त्या सगळ्या त्यांना विनयशील समजत होत्या. आठवी पीयूषभाईंच्या बायकोने नेली. संध्याकाळी फळ्यावरची नोटीस काढलेली होती.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पतंग, भोंगे, 'काय पो छे'चा गजर. पंगतीत अहल्याबाईंनी उंधियूं दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा नको म्हणता म्हणता अर्धी वाटी घेतलं. इतक्यात खाली फाटकाशी पोलिसांची गाडी थांबली आणि मिशाळ पृथ्वीराजसिंह थेट गच्चीवर आले. गाणी बंद झाली. मुकुंदरावांनी हातातली वाटी खाली ठेवली, शिक्क्याचा कागद घरात होता.

"काका!" जमादार गरजले. "पेलुं चप्पु बन्युं?"

जमादारांच्या मेहुणीने आदल्या दिवशी योगिनीबेनकडे लाल फुलीची सुरी पाहिली होती. आता घरचे त्यांना दुसरं काही बोलू देत नव्हते. मुकुंदरावांनी एक महिन्याची मुदत मागितली आणि जमादारांनी उंधियूंची मागणी केली. दोन्ही मंजूर झालं.

सोळा तारखेला छाणीला नवा पट्टा बसला आणि मुकुंदरावांनी दहावं पातं पुन्हा हाती घेतलं. घाई नव्हती, कोपरं बरगड्यांना आपोआप चिकटली, कंबर झुलली, आणि डावा हात या वेळी थरथरला नाही. दोन्ही अंगं केसाइतकीही कमीजास्त नाहीत. लक्ष्मणभाईंनी उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग स्वतःच डबीसाठी हात पुढे करून परत मागे घेतला. "साहेब, आमां चोकडी मराती नथी," ते म्हणाले. मुकुंदरावांनी त्यांना खाली वाकून नमस्कार केला. त्यांनी तीनशे ब्रॅकेटबद्दल माफीही मागितली, आणि लक्ष्मणभाईंनी सांगितलं की ब्रॅकेट खरंच वाकडे होते.

शिसवी मूठ लावलेली ती सुरी मुकुंदरावांनी आधी अहल्याबाईंना दाखवली. त्यांनी एक बटाटा कापला, छान आहे म्हणाल्या, आणि आपली पाचवी पुसून फडताळात ठेवली. म्हणून मग दहावी घेऊन ते चौकीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष वस्तू हाती होती, आणि ती त्यांनीच बनवलेली होती. जमादारांनी सुरी घेतली, उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. चेहरा पडला.

"काका, चोकडी क्यां छे? घेर नहीं चाले. आ तो डुप्लिकेट लागे छे."

मुकुंदरावांनी दोन्ही अंगं समान असण्याविषयी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी खिशातून डबी काढली, टोपण फिरवलं, ब्रश बुडवला, आणि कायद्याच्या साक्षीने, चौकीच्या टेबलावर, त्या निर्दोष पात्यावर सावकाश, ठसठशीत लाल फुली मारली. चौतीस वर्षांत इतक्या समाधानाने त्यांनी दुसरा कुठलाच माल नापास केला नव्हता.